बायबलमधल्या हिब्रू 'नेझेम'चा अर्थ काय? नथ की कानातलं?

दोन्ही. नेझेम म्हणजे कडी. ती नाकात की कानात, हे वाक्यावरून ठरतं.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक विहिरीवर रिबका या तरुणीला सोन्याचं नेझेम देतो. २२व्या ओवीत फक्त वजन आहे: एक बेका, म्हणजे अर्धा शेकेल, साधारण साडेपाच-सहा ग्रॅम. कुठे घालायचं ते नाही. पण ४७व्या ओवीत तोच सेवक सांगतो, 'मी तिच्या नाकात घातलं.' प्रश्न मिटला. याउलट निर्गम ३२मध्ये सोन्याच्या वासराच्या मूर्तीसाठी मोशेचा भाऊ अहरोन नेझेम मागतो ती बायका-मुलामुलींच्या कानांतली. त्यात मुलगेही आहेत, म्हणजे दागिना फक्त बायकांचा नव्हता.

यहेज्केल १६:१२मध्ये नाकासाठी नेझेम आणि कानांसाठी 'आगील' असे दोन वेगळे शब्द शेजारी येतात. नीतिसूत्रे ११:२२मध्ये तर सोन्याचं नेझेम डुकराच्या नाकात आहे! (अविचारी सुंदर स्त्रीला दिलेली ती उपमा, जरा बोचरीच.)

भाषांतरात 'नथ' वाचून मोत्यांची पेशवाई नथ मात्र डोळ्यांसमोर आणू नका. मूळ शब्दात मोत्यांचा काही संबंध नाही.