आई-बाबांसाठी फ्लॅट घेताना आजूबाजूचा परिसर तब्येतीसाठी खरंच इतका महत्त्वाचा असतो का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दोघंही सत्तरीला टेकलेत, बाबांना शुगर आहे, आईला बीपी आणि गुडघे. पुण्यात दोन फ्लॅट बघून ठेवलेत. एक कोथरूडला जुन्या सोसायटीत, दुसरा हायवेपलीकडच्या टाउनशिपमध्ये, जिथे क्लबहाऊस, जिम, जॉगिंग ट्रॅक सगळं आहे. आणि तुमच्या दादाचं म्हणणं, "ज्याला चालायचंय तो कुठेही चालतो."

माझ्या बाबांचं घर बदलेपर्यंत मीही हेच म्हणायचे.

बाबा चाळीसेक वर्षं दादरला, शिवाजी पार्कपासून दोन गल्ल्या सोडून राहिले. सकाळी पार्काला दोन फेऱ्या. एक फेरी साधारण 1.2 किलोमीटरची. मग कट्ट्यावर बसणं. पण त्यांचं खरं चालणं वेगळंच होतं, आणि त्याला ते चालणं म्हणतही नसत. दूध, पेपर, रानडे रोडला भाजी, बँकेत पासबुक भरून आणणं, आईने सांगितलेली कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा एक खेप. फोनवर दिवसाला सात-आठ हजार पावलं सहज दिसायची.

इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही त्यांना माझ्या घराजवळ, घोडबंदर रोडला, एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये बाविसाव्या मजल्यावर भाड्याने आणलं. घर उत्तम, हवेशीर. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसायचे. तीन महिन्यांनी सहज त्यांचा फोन हातात घेतला तर पावलं दोन हजाराच्या आत. वर्षभरात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 6.8 वरून 7.9 वर गेली. सगळा दोष परिसरावर ढकलणार नाही. मित्र सुटले, करमेनासं झालं, वयही वाढलं. पण मित्र सुटले तेही कट्टा सुटला म्हणूनच.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर खाली उतरले, नक्की अडतं कुठे ते बघायला. मेडिकलचं दुकान रस्त्यापलीकडे, समोरच दिसतं. पण पलीकडे जायला सिग्नल बराच पुढे आणि मधे डंपर-ट्रकची रांग. फूटपाथ आहे, पण गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच. प्रत्येक गेटपाशी तो तुटतो, म्हणजे उतरा, चार पावलं चाला, पुन्हा चढा. बाबा प्रत्येक वेळी आधी डावा हात कशाला तरी टेकवायला शोधत होते, कधी विजेचा खांब, कधी उभी असलेली रिक्षा. पाचव्या गेटला म्हणाले, "परत जाऊया का?" त्या दिवसानंतर त्यांना "बाबा, आळस करू नका" असं मी एकदाही म्हटलेलं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की फूटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा खुशाल टेप घेऊन जा.

आता अभ्यासाचं सांगते. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 10 देशांतल्या 14 शहरांचा एक अभ्यास आला होता. 6,822 माणसांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावून बघितलं, म्हणजे लोक काय सांगतात यावर विसंबले नाहीत. चालायला सोयीच्या वस्तीतली माणसं गैरसोयीच्या वस्तीतल्यांपेक्षा आठवड्याला 68 ते 89 मिनिटं जास्त हालचाल करत होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, त्याच्या जवळपास निम्मं हे नुसत्या पत्त्यावर आलं. सोयीची वस्ती म्हणजे काय? दाट घरं, एकमेकींना मिळणाऱ्या भरपूर गल्ल्या, जवळ बस-रेल्वेचे थांबे, आणि पायी पोचता येतील अशा बागा. दाट घरांचं आश्चर्य वाटेल, पण घरं दाट असली की वाण्याचं, इस्त्रीचं, केमिस्टचं दुकान कोपऱ्यावर चालतं, आणि दुकान कोपऱ्यावर असलं की माणूस खाली उतरतो. त्यात भारतातलं एकही शहर नव्हतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका. शिवाय कुणी म्हणेल, चालायची आवड असलेलेच अशा वस्तीत राहायला जात असतील. आक्षेप रास्त आहे. पण आमच्याकडे माणूस तोच होता, बदलला होता फक्त पत्ता.

शुगरवाल्यांसाठी तर ही छोटी-छोटी चालणी फार मोलाची. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं म्हणूनच उपयोगी पडतं. ट्रेडमिलवर तेवढंच चाललं तरी स्नायूंना फरक कळत नाही, हे खरं. पण जिमचा उत्साह महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. दूध रोज संपतं.

हिरवाईचं थोडं सविस्तर सांगते, कारण टाउनशिपच्या जाहिरातीत तीच पुढे केलेली असते. दिसणारी हिरवाई आणि वापरता येणारी हिरवाई यांत फरक असतो. दिसणारी फुकट जात नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. येऊरचे डोंगर बघून बाबांनाही बरं वाटायचं. पण तिथे पायी पोचायची सोय नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने एक साधं माप सुचवलंय: घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांवर, निदान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी.

कॉम्प्लेक्समधल्या पोडियम गार्डनबद्दलही सावध राहा. ते पार्किंगच्या स्लॅबवर असतं. मातीचा थर पातळ, त्यामुळे वड-पिंपळ सोडाच, कडुलिंबही तिथे नीट पोसत नाही. शोभेचे पाम, कुंपणाची झुडपं आणि "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लॉनपेक्षा सावली लागते. शिवाजी पार्कच्या कडेने जे जुने पर्जन्यवृक्ष आहेत, त्यांच्यामुळे उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजताही म्हातारी माणसं चालताना दिसतात.

ते पार्क तिथे आहे त्यामागेही आरोग्याचाच इतिहास आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीत हवा-उजेड नाही म्हणून रोग फैलावतो या समजुतीने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, मोकळ्या जागा, आखीव वस्त्या आल्या. पार्क लोकांसाठी खुलं झालं 1925 साली. प्लेग खरं तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, म्हणजे निदान चुकलं होतं. पण त्या चुकलेल्या निदानातून मिळालेल्या मोकळ्या जागांवर शंभर वर्षांनी माझ्या बाबांची शुगर आटोक्यात राहत होती. आज एखादं मैदान पार्किंगसाठी घेतलं जातं तेव्हा मला म्हणूनच फार वाईट वाटतं. गेलेलं मैदान परत मिळत नाही.

आणखी एक. "बाग नसेना का, मेन रोडने चालतील" असं ठरवू नका. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या माणसांना दोन तास हाइड पार्कमध्ये आणि दुसऱ्या वेळी दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, डिझेलच्या धुरात चालवून बघितलं. पार्कातल्या चालण्याने फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना जो फायदा झाला, तो धुराच्या रस्त्यावर बराचसा पुसला गेला. आतली गल्ली आणि मेन रोड यांत नेहमी गल्ली निवडा.

तुमच्या जागी मी असते तर कोथरूडकडे झुकले असते. गल्ल्यांमध्ये दुकानं आहेत, थोरात उद्यानासारख्या बागा आहेत, गुडघे साथ देत असतील तर म्हातोबा टेकडी आहे. पण नावावर जाऊ नका, दोन्हीकडे आई-बाबांना घेऊन संध्याकाळी सहाला गेटबाहेर पडा आणि गाडी न काढता अर्धा तास काढा. आई न थांबता कुठवर जाते? बसायला बाक कुठे आहे? बीपीच्या काही गोळ्यांनी वारंवार लघवीला जावं लागतं, मग जवळ स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? (बायका हे मोठ्याने सांगत नाहीत, "आज नको वाटतंय" म्हणतात आणि घरी बसतात.) महापालिकेची बरीच उद्यानं दुपारी बंद असतात, त्या वेळाही बघून ठेवा. टाउनशिपमध्येच घ्यायचं ठरलं तर आतला रस्ता गाड्यांपासून वेगळा आहे का आणि रोजच्या वस्तूंची दुकानं गेटच्या आत आहेत का, एवढं तरी नक्की तपासा.

कोथरूडच्या सोसायटीला लिफ्ट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल, तर वर लिहिलेलं जवळपास सगळं आईच्या बाबतीत उलटं होईल, कारण त्या खालीच उतरणार नाहीत. ते कळवा, मग पुढचं बोलू.