आलेख जुळला म्हणजे मॉडेलचं व्हॅलिडेशन झालं का?

तुम्ही विचारलंय: पायथॉनमध्ये हरणं आणि भक्षकांचं एजंट-आधारित मॉडेल (ज्यात प्रत्येक प्राणी आपापल्या नियमांनी वागतो) लिहिलं, पॅरामीटर (मॉडेलमधले बदलता येणारे आकडे) हलवत हलवत दहा वर्षांच्या गणनेशी आलेख जुळवला, आता प्रबंधात 'व्हॅलिडेटेड' लिहू का?

नका लिहू. हे झालं कॅलिब्रेशन, म्हणजे हातातल्या आकड्यांशी मॉडेल जुळवून घेणं. व्हॅलिडेशन म्हणजे जुळवताना न वापरलेल्या आकड्यांवर मॉडेलचं भाकीत तपासणं. सहा-सात पॅरामीटर मोकळे सोडले की चुकीच्या गृहीतकांवरचं मॉडेलही जुळतं.

आधी कोडची पडताळणी. मॉडेलमधलं गवत शून्य करा. ऊर्जा ठरल्या दराने घटत असेल, तर अमुक ऊर्जेचं हरीण कितव्या पायरीला (मॉडेलमधल्या वेळेच्या टप्प्याला) मरायला हवं हे कागदावर काढता येतं. एका पायरीचाही फरक आला तर कोडात घोळ आहे. मग एकच हरीण निवडून त्याची ऊर्जा आणि जागा प्रत्येक पायरीला छापून वाचा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण सरासरीचा आलेख अशा पुष्कळ चुका पोटात घालतो. क्रमाचा घोळ तर हमखास सापडतो: साध्या फॉर-लूपमध्ये (यादीतल्या प्रत्येकावर ओळीने तेच काम करणाऱ्या कोडमध्ये) यादीतलं पहिलं हरीण दर वेळी आधी चरतं, शेवटचं उपाशी राहतं, आणि आपण त्याला 'स्पर्धा' म्हणतो. नेटलोगो हे अशा मॉडेलांसाठीचं सॉफ्टवेअर हा क्रम स्वतःच दर वेळी पिसतं. पायथॉनमध्ये ते आपल्याला करावं लागतं. आणि एका सीडच्या (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात त्या संख्येच्या) रनवरून काहीही ठरवू नका.

व्हॅलिडेशनचं मला आवडणारं उदाहरण वेल्समधलं आहे. १९९९ मध्ये कार्डिफच्या उपसागरावर बंधारा झाला आणि भरती-ओहोटीचा चिखलपट्टा पाण्याखाली गेला. तिथे हिवाळा काढणारे रेडशँक पक्षी (आपल्या ठाणे खाडीतही येतात ते) शेजारच्या किनाऱ्यावर गेले, तिथली गर्दी वाढली. संशोधक गॉस-कस्टार्ड आणि सहकाऱ्यांच्या या पक्ष्यांच्या मॉडेलमध्ये मृत्युदर आधी भरलेलाच नव्हता. प्रत्येक पक्षी कुठे चरायचं ते ठरवतो, त्यातून मृत्युदर निघतो. त्यांनी एकच पॅरामीटर जुळवला, तोही चिखलपट्टा जाण्यापूर्वीच्या मृत्युदराशी. नंतरचं भाकीत होतं मृत्युदरात ३.६५ टक्के वाढीचं. प्रत्यक्षात वाढ निघाली ३.१७ टक्के. मॉडेलने कधी न पाहिलेल्या परिस्थितीत हा आकडा आला, म्हणून त्याला वजन आहे. शिवाय गमावलेल्या क्षेत्राच्या जेमतेम दहा टक्के नवा चिखलपट्टा दिला तर मृत्युदर पूर्ववत होईल, हेही त्याच मॉडेलवर त्यांना तपासता आलं.

तुमच्याकडे बंधारा नाही, पण दहा वर्षं आहेत. पहिल्या सहांवर कॅलिब्रेशन करा, उरलेली चार उघडूही नका. त्यात एखादं दुष्काळी वर्ष असेल तर उत्तमच. सोबत एकूण संख्येपलीकडचे नमुनेही बघा: कळपांचे आकार, पाडसांचं प्रमाण, पाणवठ्याजवळची दाटी. एकेकटा नमुना फारसं सांगत नाही, पण सगळे एकाच पॅरामीटर-संचात बसवताना बरीच मॉडेलं गळतात. संशोधक ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हीच पद्धत मांडली. प्रबंधात मग नुसतं 'व्हॅलिडेटेड' न लिहिता कुठलं भाकीत, कुठल्या डेटावर आणि किती फरकाने जुळलं ते लिहा, आणि जे जुळलं नाही तेही.