जुनी बाजारपेठ पुन्हा जिवंत करायची तर सुरुवात कुठून करावी?

शहराचा जुना मध्यभाग ओस पडत चालला आहे, रहिवासी आणि दुकानदार एकत्र आले आहेत, तर आधी रस्ता, फरशी आणि दिव्यांचं काम करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे. ते काम शेवटी करा. आधी वरचे मजले बघा.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. पेठ वरून खाली मरत येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आधी वरचं कुटुंब जातं, खोल्यांना कुलूप लागतं, मग छत कुठे गळतंय ते कोणाला कळतच नाही. तुळईचं भिंतीत बसलेलं टोक कुजल्यावर खालच्या दुकानदाराला पहिल्यांदा जाग येते. म्हणून एखाद्या संध्याकाळी चार-पाच जण मिळून पेठेतून फिरा आणि कोणत्या वरच्या खिडकीत दिवा लागतो ते कागदावर टिपा. कुठल्याही सर्वेक्षणाआधी तो कागद हवा.

दुसरी गोष्ट, पगारी माणूस. अमेरिकेत १९७७ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या शहरांत प्रयोग केला. प्रत्येक शहरात पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. मालकाला गाठणं, भाडेकरू शोधणं, पालिकेत फाईल पुढे सरकवणं, हे त्याचं रोजचं काम. त्या अनुभवातून संघटन, प्रसिद्धी, इमारतींचं रूप आणि व्यवसायांची घडी या चार बाजू एकदम हाताळायची पद्धत तयार झाली आणि पुढे ती देशभर गेली. फावल्या वेळातली समिती उत्साहाने सुरू होते आणि वर्षभरात थकते. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढून एकाचा पगार द्या.

इमारत विकत घ्यायची ऐपत नाही, असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेतल्याच सव्हाना शहरात १९५४ मध्ये पार्किंगसाठी जुनं सिटी मार्केट पाडलं गेलं आणि पुढच्याच वर्षी सात महिलांनी डॅव्हनपोर्ट हाऊस हे जुनं घर वाचवण्यासाठी संस्था काढली. या संस्थेने नंतर फिरता निधी उभारला. पडायला आलेली इमारत घ्यायची, दुरुस्तीची आणि जपणुकीची अट खरेदीखतात घालून ती विकायची, परत आलेल्या पैशातून पुढची घ्यायची. अट खतात असल्यामुळे मालक बदलला तरी ती टिकते. मला ही युक्ती अनुदानापेक्षा भरवशाची वाटते.

दुरुस्तीबद्दल एक कळकळीची विनंती. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू देऊ नका. अशी एक भिंत मी उघडली होती. बाहेरून नवी कोरी, पण टिचकी मारली की पोकळ आवाज. पापुद्रा निघाला तेव्हा आतल्या विटांवर पांढरी खारी पूड होती आणि बोटाने वीट भुगा होऊन पडत होती. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला महिना लागला तरी थांबा.

आणि भाडं. पेठ सुधारली की भाडी वाढतात आणि जी माणसं टिकून राहिली तीच आधी हुसकली जातात. हे सुरुवातीलाच बोलून घ्या. अमेरिकेतल्या सिएटल शहरात पाइक प्लेस मार्केट या जुन्या बाजाराचं पाडकाम १९७१ मध्ये मतदारांनी थांबवलं. बाजार जपण्यासाठी नेमलेला तिथला आयोग इमारतीच्या रूपाबरोबरच आत कोणता व्यवसाय चालेल हेही तपासतो, म्हणून तो बाजार बाजारच राहिला. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९७३ च्या योजनेत जुन्या घरांच्या दुरुस्तीला सार्वजनिक घरबांधणीचा पैसा वापरला, उद्देश हा की राहणारी माणसं तिथेच राहावीत. पालिकेकडे जाल तेव्हा दिव्यांच्या खांबांऐवजी असं काही मागा.

तो खिडक्यांचा कागद तयार झाला की त्यातली छत अजून शाबूत असलेली, एकच मालक असलेली एक इमारत निवडा आणि मालकाला भेटा. छताचे आणि तुळयांच्या टोकांचे फोटो इथे टाकलेत तर मी बघून सांगेन.