परवान्याची मुदत नेमकी कुठून मोजावी?

प्रश्न : आमचा स्पर्धा परीक्षांचा लहानसा वर्ग आहे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने मोबाइलवर उतरवून इंटरनेटशिवाय पाहता येतील, परंतु त्यांची नक्कल होणार नाही, अशा संरक्षित स्वरूपात विकण्याचा आमचा विचार आहे. व्याख्यान पाहण्याचा प्रत्येक परवाना परीक्षेच्या तारखेला संपावा, असे आम्हांस वाटते. हे योग्य ठरेल का? विद्यार्थ्याने मोबाइलची तारीखच मागे नेली तर काय होईल? — एक वाचक, पुणे

उत्तर : परवाना परीक्षेच्या तारखेला बांधू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षा २०२० चेच पाहा. एप्रिल २०२० मध्ये ठरलेली ही परीक्षा पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यानंतर, पार पडली. मूळ तारखेला संपणारे परवाने दिले असते, तर ऐन उजळणीच्या काळात विद्यार्थ्यांच्या हाती न उघडणाऱ्या फायली उरल्या असत्या.

मुदत फायलीला नसते, परवान्याला असते, हे येथे लक्षात घ्यावे. व्याख्यानाची फाइल कूटबद्ध स्वरूपात मोबाइलवर पडून राहते. ती उलगडणारी किल्ली परवान्यातून येते आणि किल्ली किती काळ चालावी हेही परवान्यातच लिहिलेले असते. त्यामुळे मुदत वाढवायची झाल्यास केवळ नवा परवाना द्यावा लागतो, व्याख्यान पुन्हा उतरवावे लागत नाही. गूगलच्या वाइडवाइन या संरक्षण-पद्धतीत तीन मुदती वेगवेगळ्या देता येतात : संपूर्ण परवान्याची, पाहण्यास सुरुवात करण्याची आणि एकदा सुरुवात केल्यावर पाहून संपवण्याची. भाड्याच्या चित्रपटाला साधारणपणे सुरुवात करण्यास ३० दिवस आणि त्यानंतर संपवण्यास ४८ तास मिळतात, ते या शेवटच्या दोन मुदतींच्या जोरावर. हे आकडे सेकंदांत भरायचे असतात, म्हणजे ४८ तासांसाठी १,७२,८०० आणि ३० दिवसांसाठी २५,९२,०००. येथे ० लिहिल्यास मुदत लगेच संपत नाही, उलट मर्यादाच राहत नाही. तेव्हा ही संरक्षण-सेवा पुरवणाऱ्या कंपनीने भरलेले आकडे स्वतः तपासून घ्यावेत.

चित्रपट एका बैठकीत संपतो, व्याख्यान मात्र विद्यार्थी दहादा मागे-पुढे करून पाहतो, म्हणून ४८ तासांचा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही. प्रथम पाहिल्यापासून काही महिने आणि त्यावर संपूर्ण परवान्याची एक बाहेरची हद्द, अशी रचना आम्ही सुचवू. दोहोंपैकी जी मुदत आधी भरेल ती लागू होते, म्हणून बाहेरची हद्द सैल ठेवावी.

घड्याळाची शंका रास्त आहे, कारण इंटरनेट नसताना यंत्राला स्वतःच्याच घड्याळावर विसंबावे लागते. विंडोज मीडियाच्या जुन्या परवान्यांत, घड्याळ मागे नेल्याचे आढळताच परवाना निकामी करण्याची किंवा पुसून टाकण्याची सोय होती. परंतु घड्याळ बिघडल्याने मागे पडले की कोणी मुद्दाम मागे नेले, हे यंत्राला कसे कळावे? त्यापेक्षा वर सुचवलेल्या एकूण मुदतीच्या आतच परवाना अल्पमुदतीचा ठेवून, मोबाइल इंटरनेटला जोडला गेला की तो आपोआप नवा व्हावा, ही व्यवस्था बरी. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवण्यासाठी ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते. तुमचे विद्यार्थी गावाकडे अभ्यास करत असतील, तर याहून कमी काळ ठेवू नये. दुसऱ्या मोबाइलने पडद्याचे चित्रण करणाऱ्याला मात्र कोणतीही मुदत अडवू शकत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्यास प्रताधिकार कायद्यातील, २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या, कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने, माहितीपत्रकात ‘व्याख्याने विकत घ्या’ असे मोघम न छापता मुदत किती, ती कधीपासून मोजली जाईल आणि परीक्षा लांबल्यास वाढीव परवान्याला वेगळे शुल्क पडेल की नाही, हे शुल्काच्या आकड्याशेजारीच छापावे.