पहिली मोठी संख्या: ४१३००१

सुरुवातीलाच दहा-बारा अंकी संख्येला हात घालू नका. आपल्या सोलापूरचा पिनकोड घ्या, ४१३००१. वही-पेन्सिलीने त्याचे मूळ अवयव पूर्ण पाडता येतात, म्हणजे तो मूळ संख्यांच्या गुणाकारात उलगडतो.

शेवटी १ आहे म्हणून ही मूळ संख्या (१ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणारी) वाटते. पहिली चूक इथेच होते, कारण शेवटचा अंक फक्त २ आणि ५ बद्दल सांगतो. अंकांची बेरीज ९ येते, म्हणजे ९ ने भाग जातो. उरले ४५८८९.

आता खरी मेहनत. भागून बघायचं ते फक्त मूळ संख्यांनी, आणि उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंतच. ४१३००१ चं वर्गमूळ ६४२ च्या पुढे जातं, ४५८८९ चं मात्र जेमतेम २१४. हद्द नव्याने आखली नाही तर नुसती दमछाक होते. ५, ७, ११, १३ असं जात राहा. पन्नाशी ओलांडली की बरेच जण ‘मूळच असणार’ म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका! १०९ ने भाग जातो, ४२१ उरतात. त्याचं वर्गमूळ २१ च्याही आत आणि तिथवरच्या सगळ्या संख्या तपासून झाल्यात, म्हणून ४२१ मूळच.

४१३००१ = ३² × १०९ × ४२१

विभाजक, म्हणजे ४१३००१ ला पूर्ण भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या, मोजताना:
- प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२.
- ३ चा वर्ग विसरलात तर ८ येतील. म्हणून आधी गुणाकार करून ताळा घ्या.

पुढे ४१३००३ करा: १९ ने लवकर भाग जातो, त्यानंतर १४७ पर्यंत चिकाटी लागते.