फुटपाथवर सायकल चालवू का, असं विचारलंस म्हणून

फुटपाथवर सायकल चालवू नकोस. पुण्यात कर्वे रस्त्यावर पीएमपीची बस अंगावर येते तेव्हा वर चढावंसं वाटतं, हे मला कळतं. सुरुवातीला मीही तेच करायचो. एकदा डेक्कनजवळ पिशवी घेऊन चाललेल्या एका आजोबांच्या अगदी जवळून गेलो. धक्का लागला नाही, पण ते दचकून भिंतीला टेकले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, आपण सहज पंधराने जातो. सायकलला आवाज नाही, आणि मागून येणारं वयस्कर माणसाला दिसणार कसं? आपल्याकडच्या फुटपाथवर आधीच टपऱ्या, विजेच्या डीपी, लावलेल्या दुचाकी. चालणाऱ्याला उरलेली दोन फूट जागा आपण घेऊ नये.

जंगली महाराज रस्त्यावर सायकलसाठी वेगळा पट्टा आखलाय, तिथे चालव. पण लोक त्यावरही चालतात, तेव्हा वेग कमी कर आणि घंटी लांबूनच, हळू वाजव.

रस्त्यावर अगदी कडेला चिकटू नकोस. उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी अंतर ठेव, दार अचानक उघडतं. पहिले काही दिवस सकाळी सातच्या आत निघ, पेठांतल्या आतल्या गल्ल्या धर. एखादा चौक फारच भीतीदायक वाटला, तर खाली उतर आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून चाल. तेवढ्यापुरता तूही पादचारीच.