टाकी भरण्याआधीच नोझल का बंद पडते?

प्रश्न : माझ्या जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये पेट्रोल भरताना नोझल वारंवार खटकन बंद होते आणि काटा पाऊण टाकीपुढे सरकत नाही. नेरूळ, वाशी, घोडबंदर रस्ता अशा सर्व पंपांवर हाच अनुभव येतो. दोष कुणाचा?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : सर्वच पंपांवर असे घडत असल्यामुळे दोष गाडीत असण्याचीच शक्यता अधिक आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोलने ते झाकले गेले की नोझलच्या आतील हवेचा दाब घटतो, त्यातला लवचिक पडदा ओढला जातो आणि प्रवाह थांबतो. टाकीतली हवा व वाफ बाहेर नेणारी वायुवीजनाची नळी तुंबली असेल, तर आत शिरणारे पेट्रोल भरणनळीतच उसळून हे छिद्र वेळेआधी झाकते. नळी दुमडलेली असणे किंवा वाफ शोषणारी कोळशाची डबी पेट्रोलने भिजलेली असणे, ही त्यामागची नेहमीची कारणे होत. या नळीत कोळ्यांनी विणलेली जाळीही क्षुल्लक समजू नयेत, कारण त्यांच्यामुळे माझदा कंपनीला 2011 मध्ये अमेरिकेतील आपल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

तूर्त कर्मचाऱ्याला वेग कमी ठेवून नोझल किंचित बाहेर ओढून किंवा थोडे फिरवून धरायला सांगावे. मात्र नोझल थांबल्यावर हट्टाने आणखी पेट्रोल भरून घेऊ नये; कोळशाची डबी बहुधा याच सवयीने खराब होते. वायुवीजनाची नळी, डबी आणि तिची झडप कार्यशाळेत तपासून घ्यावी. त्यात काही आढळले नाही, तर टाकीतील तरंगकाची, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणाऱ्या भागाची, तपासणी करावी, कारण टाकी भरूनही काटा चुकीचे दाखवत असू शकतो.